नसीम सिस्टर आन् नवसाचं बोकड

सरकारी दवाखान्यातली सिस्टर म्हणलं की तुमच्या डोळ्यापुढं एक बाई उभी राहिली असंल. एक तं पेशंटवर खेकसणारी, न्हाई तं देवमाणूस, डोक्यामागं ट्यूबलाईट लागलेली. दोन्ही पुसा. आन् गोष्ट कॅन्सरची हाय म्हणल्यावर ज्यांनी रुमाल काढलाय त्यांनी तो परत खिशात घाला. यात रडायचं काय न्हाई. मरायच्या तयारीत एकच जण होतं, ते बोकड होतं. ते बी आज सकाळी आमच्या दारातली तुळस खाऊन गेलंय.

मी नकला करतो. जिंतूरला माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान हाय, पण लोक मोबाईलपेक्षा नकलांसाठीच जास्त येतेत. एष्टीचा कंडक्टर, आमचे गणिताचे सर, मोंढ्यात हराशीची बोली पुकारणारा, सगळे माझ्या गळ्यात भाड्यानं राहतेत. पण मला सगळ्यात जास्त छळलं ते नसीम सिस्टरच्या आवाजानं. घोगरा आवाज. खालून सुरू व्हायचा आन् वाक्याच्या शेवटाला असा वर जायचा की समोरच्याला वाटावं, आपल्याला काहीतरी विचारलंय आन् आपल्याला ते येत न्हाई. प्रत्येक बाप्याला त्या ‘पैलवान’ म्हणायच्या. त्यातला ‘वा’ लय लांब. हातात सलाईनची नळी, अंगावर नुसती हाडं, तरी पैलवान.

आमच्या आप्पांची मेंढरं हायेत. येलदरीच्या अल्याड आमची वस्ती. दसरा झाला की मेंढरं घेऊन निघायचं, शिमग्याच्या पुढं माघारी यायचं, हे आप्पांचं साल. तोंडात कायम तंबाखू. त्या तंबाखूची गाठ गालात निघाली. औरंगाबादला ऑपरेशन झालं, मग शेक झाला. शेक म्हंजी मशीनखाली झोपवून लाईट देतेत ते, आमच्याकडं त्याला शेकच म्हणतेत. शेवटच्या दिवशी तिथल्या डॉक्टरनी सांगितलं, “उपचार संपले. आता परभणीला ठरलेल्या वक्ताला दाखवत राहा.” आमच्या घरच्यांनी त्यातलं ‘संपले’ तेवढं ऐकलं. बाकीचं ऐकायच्या आत माय पेढे आणायला गेली होती.

तेच पेढे घेऊन आमी परभणीला नसीम सिस्टरच्या खोलीत गेलो. एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकीत माठ. उपचार संपलेल्या माणसाचं पुढं कसं करायचं हे ठरवायचं काम त्यांच्याकडं. आप्पा खुर्चीत टेकले. माय रितीपरमाणं मागं उभी.

“पैलवान, उठा,” सिस्टर म्हणल्या.

आप्पा उठले.

“बाई, तुमी बसा.”

“न्हाई न्हाई, मला काय झालंय. दुखणं ह्यांचं हाय,” माय म्हणली.

“ह्यांना पुढच्या खेपेला हितं आणणार कोण? हे येणार हायेत आपल्या पायानं?”

मायनं आप्पांकडं बघितलं. आप्पांनी माठाकडं बघितलं. माय बसली. आख्ख्या जन्मात नवरा उभा आन् आपण खुर्चीवर, हा तिचा पहिलाच टाईम. पहिल्यांदा कडंला बसली, मग हळूहळू पाठ टेकली.

बसल्या बसल्या तिनं पेढ्याचा डबा पुढं केला. सिस्टरनी झाकण उघडलं, वास घेतला, झाकण लावलं आन् डबा परत मायच्या मांडीवर. “मी पेढे खात न्हाई.”

“का वो? आता बरे झाले की हे.”

“आज ठीक हायेत.”

हे ‘आज ठीक’ म्हंजी नसीम सिस्टरचे पैकीच्या पैकी मार्क. याच्या वर त्या कुणाला द्यायच्याच न्हाईत. लोक चिडायचे. एवढी तोडफोड सोसून आल्यावर ‘आज ठीक’ काय? पण त्या एक पाऊल पुढं सरकायच्या न्हाईत.

दुसरं त्यांचं म्हंजी नाव मोठ्यानं घ्यायचं. माय हळूच म्हणली, “ती बीमारी परत तं येत न्हाई ना वो?”

“कॅन्सर म्हणा, बाई. नाव घेतल्यानं वाढत न्हाई आन् न्हाई घेतल्यानं घाबरून पळत न्हाई.” हे अशा आवाजात की बाहेर बाकड्यावरचं सगळं बोलणं बंद पडलं. एक म्हातारा तं पिशवी उचलून डोळ्याच्या ओपीडीकडं जाऊन बसला.

मग त्यांनी एप्रनमधून बॅटरी काढली. आधी सोताच्या तळहातावर उजेड पाडून बघायच्या, मगच माणसाच्या तोंडात. आप्पांचं तोंड दोन बोटं उघडायचं. ऑपरेशन आन् शेक झाल्यावर जबडा आवळतो म्हणं. सिस्टरनी आईसक्रीमच्या असतेत तशा लाकडी काड्यांची जुडी दिली. मावतेल तेवढ्या एकावर एक दातात धरून बसायचं, आन् सवय झाली की एक वाढवायची. गळ्यातल्या बी गाठी काढल्या होत्या, त्यानं खांदा जाम होऊ नये म्हणून हाताचा व्यायाम निराळा.

आता आप्पा मेंढरात उभे आन् तोंडात काड्यांची चवड. मी विचारलं, “आप्पा, कुल्फी कोणती हाय?” त्यांनी चप्पल काढून फेकून मारली. बरोबर पाठीत. मी लगेच सिस्टरला फोन करून कळवलं, खांद्याचा व्यायाम चांगला चाललाय.

पण हे नंतरचं. त्या पहिल्या दिवशी सिस्टरनी तारखा काढल्याच न्हाईत. त्यांनी विचारलं, “मेंढरं कवा कुठं असतेत, पैलवान?”

इतके दिवस दवाखान्याचं करायलो होतो, पण मेंढरांचं कुणी विचारलं नव्हतं. आप्पांचा चेहरा उघडला, तोंडापेक्षा जास्त. त्यांनी सगळी वाट सांगितली. दसऱ्याला निघतो, दिवाळीला सेनगावाकडं, संक्रांतीला अजून वर, शिमगा झाला की माघारी. सिस्टर ऐकत होत्या आन् त्या वाटेवरच एकेक तपासणी बसवायल्या होत्या. “निघायच्या आधी मला दाखवून जायचं. संक्रांतीला मेंढरं दुसऱ्याच्या हवाली, तुमी एष्टीनं यायचं. शिमग्याला परत. गळ्याला शेक बसलाय, म्हणून थायरॉईडचं रक्त दर साली पाऊस लागायच्या आत. पहिली दोन वर्ष असं. मग जरा लांब लांब. आन् मधी कवा फोड आला, गाठ लागली, गिळाया त्रास व्हायला लागला, तं यातल्या कशाची वाट बघायची न्हाई. मेंढरं रानात सोडून यायचं.”

“रानात सोडून? लांडगं खाईल की वो.”

“लांडगं मेंढरू खाईल. हे तुमाला खाईल.”

सगळं जमत आलं होतं. तेवढ्यात आप्पा म्हणले, “पण सिस्टर, कंदुरी झाल्यावर मला येता येणार न्हाई.”

आता कंदुरी म्हंजी नवसाचं बोकड कापून देवाला दाखवायचं आन् गावाला जेवू घालायचं. आमच्या वस्तीत पक्कं हाय, एकदा नवस फेडला की दुखणं देवाच्या हवाली. त्याच्यावर परत त्याच दुखण्यासाठी दवाखान्याची पायरी चढला, तं तुमचा देवावर भरवसा न्हाई असं होतंय. दुखणं रुसून माघारी येतंय. आप्पांचं बोकड ठरलेलं होतं. काळं, कपाळावर पांढरा टिळा. येत्या मंगळवारी.

मला वाटलं, आता सिस्टर भाषण देतेत. मी मनातल्या मनात आवाज बी लावून बघितला. पण त्यांनी बॅटरी टेबलावर ठेवली आन् एखाद्या सोयरिकीचं बोलावं तसं विचारलं, “देवाला दिवस सांगितलाय का, पैलवान?”

“दिवस न्हाई. बरं वाटलं की देतो, एवढंच बोललो.”

“मग बरं वाटलं हे कोण ठरवणार?”

आप्पांनी आधी वर बघितलं, मग सिस्टरकडं.

“पाच वर्ष दाखवावं लागतंय. पाच वर्ष नीट गेली की मी सोता म्हणीन, आता बरं वाटलं. तवा कापा. तवर त्याला देवाच्या नावानं मोकळं सोडा. देव थांबतो. गाठ थांबत न्हाई.”

आप्पांची अडचण देवाची नव्हती, स्वयंपाकाची होती. “पाच वर्षाचं बोकड शिजणार न्हाई, सिस्टर. त्याचं चामडं होतंय.”

“दुपारचं जेवण हाय तं आदल्या सांजेपासून चुलीवर ठेवा. मी येते जाळ घालायला.”

“ठरलं,” माय म्हणली. खुर्चीतून. आप्पांना कुणी विचारलं न्हाई.

त्या दिवसापासून ते बोकड आमच्या वस्तीचा पाटील झालं. देवाचं म्हणून त्याला काठी मारायची न्हाई. त्यानं शेजारणीची वाळत घातलेली साडी खाल्ली, निवडणुकीचा बॅनर खाल्ला, त्यातला उमेदवार बी पडला. आप्पा तपासून आले की माय त्याला हळद-कुंकू लावायची. तपासणी जवळ आली की शेजारीपाजारी विचारायचे, “बोकड केवढं झालं?” म्हंजी आप्पा केवढे झाले ते. आप्पांना विसरायची सोयच राहिली न्हाई. घरातून निघावं तं ते आडवं उभं.

एकदा मी व्हरांड्यात बाकड्यावरच्या लोकांना सिस्टरची नक्कल करून दाखवायलतो. “पैलवाऽन, आ करा. अजून मोठा. मेंढरू गेलं पाहिजे आत.” लोक हसायलते आन् एकदम हसायचे थांबले. मागं सिस्टर उभ्या.

“परत कर,” त्या म्हणल्या.

“न्हाई, सिस्टर, ते असंच जरा.”

“कर रे, नकल्या.”

केली. त्यांनी डोळे मिटून ऐकली. “आवाज बरा हाय. पण तू घाई करतो. मी विचारल्यावर थांबते. माणूस खरं बोलायला टाईम घेतो, तेवढं थांबावं लागतंय.” आन् गेल्या आत. माझ्या धंद्यातला एवढा चांगला सल्ला मला कुणी दिला न्हाई.

पेढ्याचं काय ते एकदाच कळलं. मी मस्करीत विचारलं होतं, “पाच वर्षानं तरी घेसान का, का तवा शुगर निघंल?” त्या माठातून पाणी घ्यायलत्या. पेला तसाच हातात राहिला.

“चारठाण्याकडची एक बाई होती. छातीचा होता. सगळं नीट झालं. तिनं कंदुरीला बोलावलं, मी गेले. पोटभर जेवले. निघताना तिला म्हणले, सुटलीस बेटा. मीच म्हणले ना सुटलीस, मग ती कायकू येईल परत? दोन पावसाळे आली न्हाई. आली तवा काखेत ही एवढी गाठ.”

“मग?”

“मग मी पेढे सोडले.” त्यांनी पाणी पिलं, पेला उपडा घातला आन् दारातून हाळी दिली, “पुढचे पैलवान.” तो आवाज मी दुकानात कवाच काढला न्हाई.

चौथ्या वर्षी सिस्टर रिटायर झाल्या आन् नांदेडला लेकीकडं गेल्या. त्यांच्या जागी एक तरणा ब्रदर आला. माणूस चांगला, हळू बोलणारा, काम चोख. आप्पांना त्यात एकच खोट दिसली. “त्यो मला पैलवान म्हणत न्हाई.”

“मग काय म्हणतो?”

“काका म्हणतो. मी काय त्याचा काका हाय?”

आन् आप्पांनी संक्रांत चुकवली. मेंढरं व्यायला झालीत म्हणले. मग पायात काटा गेला म्हणले. मायचे गुडघे धरले होते, ती फोनवरच भांडायची, आन् आप्पा म्हणायचे, रेंज न्हाई. रेंज असल्याशिवाय रेंज न्हाई हे कसं सांगता येतंय, हे त्यांना मी किती वेळा समजून सांगितलं.

मग मी दुकानातलं एक नवं सिम घातलं, शटर अर्धं ओढलं, घसा खाकरला आन् आप्पांना फोन लावला.

“पैलवाऽन. कुठं हायेत मेंढरं?”

“कोण? सिस्टर? तुमी तं गेल्या म्हणं.”

“गेले म्हंजी मेले का? संक्रांतीला का न्हाई आलात?”

लय मजा आली. मी गालातल्या गालात हसायलो होतो. दोन मिनिटात आप्पा उद्या येतो म्हणणार आन् मी हा किस्सा वर्षभर विकणार. मग मला आठवलं, सिस्टर विचारल्यावर थांबतेत. म्हणून थांबलो.

पलीकडं नुसतं वारं आन् मेंढरांचे आवाज. बऱ्याच वेळानं आप्पा बोलले.

“सिस्टर, पोराला सांगू नका. आत एक जखम झालीय. जुन्या जागेच्या मागं. भरंना. लय दिवस झाले.”

माझं हसू कुठं गेलं मला कळलं न्हाई. आवाज तेवढा जाऊ द्यायचा नव्हता. तो गेला असता तं आप्पांनी फोन ठेवला असता आन् ती जखम परत तोंडात मिटून घेतली असती.

“रक्त येतंय का, पैलवान?” मी म्हणलो. त्यांच्या घोगऱ्या आवाजात. बरं झालं तो आवाज घोगरा हाय.

“कवा कवा.”

“घरात कुणाला बोललात?”

“कुणाला बोलू? ती बोकडाला हळद लावून बसलीय. मागच्या खेपेला घरी गेलो तं त्याच्याकडं बघू वाटंना मला.” मग जरा थांबून, “मला वाटलं दाखवलं की खरं होईल.”

यावर काय म्हणायचं हे मला, मोबाईलवाल्या पोराला, येत नव्हतं. पण गळ्यात सिस्टर होत्या, त्यांना येत होतं. “दाखवलं न्हाई म्हणून खोटं होत न्हाई. उद्या सकाळी परभणी. मेंढरं द्या कुणाच्या तरी हवाली. आन् पोराला संगं आणा.”

“पोरगं नक्को, सिस्टर. ते हसतंय सगळ्यावर.”

“आणाच त्याला,” मी म्हणलो आन् फोन ठेवला. शटर अर्ध्यावर होतं तेच बरं होतं.

दुसऱ्या दिवशी ब्रदरनी उजेड पाडला, डॉक्टरला बोलावलं. जुन्या जागेजवळ हाय म्हणून वाट न बघता तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं न्हाई. आप्पा काड्या दातात धरून बसायचे, कुणी सांगितलं नसताना. माय बोकडाला भाकर चारायची आन् त्याच्याशी भांडायची. मी दुकानात खरंच मोबाईल दुरुस्त केले. गिऱ्हाईक घाबरले.

रिपोर्ट साफ निघाला. कॅन्सर न्हाई. शेकानं तोंड कोरडं पडलेलं, त्यात मागच्या दाढेचा कोपरा तुटून टोकदार झालता, तो त्याच जागी रोज घासत होता. डॉक्टरनी दाढेचं टोक घासून गुळगुळीत केलं आन् म्हणले, जखम भरली का ते दाखवायला पंधरा दिवसांनी या. आप्पांनी ‘कॅन्सर न्हाई’ हे त्यांच्याकडून दोनदा म्हणून घेतलं. मग बाहेर येऊन दवाखान्याच्या कट्ट्यावर बसले आन् दोन बोटं उघडणाऱ्या तोंडातून जेवढं हसता येतंय तेवढं हसले. ब्रदर पाणी घेऊन आला. आप्पा त्याला म्हणले, “तू काका म्हण. चालतंय.”

आन् लगेच खिशातून मोबाईल काढून त्यांनी नसीम सिस्टरला फोन लावला. खऱ्या नंबरवर. मला मधी पडायला टाईमच मिळाला न्हाई.

“सिस्टर, तुमी फोन केला म्हणून आलो, न्हाई तं आलो नसतो. नुसती दाढेची जखम निघाली.”

मी भिंतीला टेकलो. पलीकडून स्पीकरवर आवाज आला, अस्सल. “हौ, पैलवान. मीच केला होता. जखम भरली का दाखवून या. आन् पोरगं हाय का जवळ? त्याला सांगा, मोकळं झालं की मला फोन कर.”

मी गेटाबाहेर गेलो. चहाच्या टपरीवर दोस्त उभा होता, रिपोर्टचं ऐकून त्यानं मिठी मारली, तळहातावर काहीतरी ठेवलं, मी खुशीत तोंडात टाकलं आन् सिस्टरला व्हिडिओ लावला. त्या गच्चीवर बसलेल्या. एप्रन न्हाई, केसाला मेंदी, पुढ्यात मेथीची जुडी. एप्रनशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं. बारकुल्या दिसल्या.

“काय काय बोललास माझ्या आवाजात? सगळं सांग.”

सांगितलं. मेथी निवडणं चालूच.

“रक्ताचं विचारलंस. गिळाया त्रास होतो का विचारलंस?”

“न्हाई.”

“गळ्याला गाठ लागती का?”

“न्हाई, सिस्टर. सुचलंच न्हाई.”

“मग काय नक्कल केली डोंबलाची. निस्तं पैलवान पैलवान म्हणलं की झाली नसीम सिस्टर?” मग मेथी खाली ठेवली. “तोंडात काय हाय?”

“काय न्हाई.”

“मोबाईल जवळ घे. डावा गाल. काय हाय ते?”

“सुपारी हाय. निस्ती. तंबाखू न्हाई त्यात.”

“निस्ती,” त्या म्हणल्या. “निस्त्या सुपारीनं बी जबडा आवळतो, गधड्या. कॅन्सर बी होतो. बापाचं तोंड किती उघडतंय ते रोज बघतोस, त्याला काड्या आणून देतोस, रिपोर्ट येईपर्यंत जीव मुठीत धरून होतास, आन् बाहेर येऊन तेच चघळतोस? बापाला बोलवायला माझा आवाज निघतो, पुडी फोडताना कुठं जातो? थूक. न्हाई, फोन बाजूला ठेवायचा न्हाई, माझ्यासमोर थूक. आता चूळ भर. त्या दोस्ताला म्हण बॅटरी लाव मोबाईलची. हां, आ कर. मोठा. अजून मोठा. आन् हसू नको, मी काय तुझ्या दुकानातलं गिऱ्हाईक न्हाई.”